उसण नव्हती, माय

माय, तुला लिहायचं म्हणून कितीदा बसलो आणि दरवेळी उठून चहाला गेलो. आज जाता येत नाही. छातीत नळी आहे, तिचं टोक खाटेखालच्या पाण्याच्या बाटलीत.

वाळूजला खोलीवर शर्ट घालताना डाव्या बाजूला कळ आली, सुरी खुपसल्यासारखी. दम पुरेना. सोबतचा म्हणाला, "उसण भरली लेका, पायाळू गाठ." तूच आठवलीस. जन्मताना तुझे पाय आधी आले, म्हणून बाजाराच्या दिवशी अर्धं पाचोड आपल्या ओट्यावर पालथं पडायचं. तू पिठाचे हात पदराला पुसून त्यांच्या पाठीवरून पाय फिरवायचीस, माणसं हसत उठायची. एकदा तो बैलवाला तर... जाऊ दे, भलतीकडंच चाललो. मी खरंच पायाळू शोधायला निघालो होतो. जिन्यातच बसलो. मग छोटीला फोन केला.

आपली छोटी नर्स झाली, माय. तिच्या दवाखान्याच्या दारात मला रिक्षातून उतरवलं आणि आधी स्टेथोस्कोप लावला. उजवीकडं ऐकलं, डावीकडं ऐकलं, परत उजवीकडं.

"दादा, डावीकडं श्वासच ऐकू येईना. कुणाकडून पाठ तुडवून तर नाय ना घेतली?"

"नाय."

"नशीब माझं!"

डॉक्टरांना तिनंच हाक मारली. एक्स-रेत दिसलं, फुप्फुसाला आपोआप भोक पडलेलं, हवा छातीत साठलेली, फुप्फुस आवळून मुठीएवढं. उंच, हडकुळ्या पोरांना होतं म्हणे, सिगारेट ओढणाऱ्यांना जास्तच. छोटीनं माझ्याकडं असं बघितलं की बस. बरगड्यांमधून नळी घालताना मात्र माझा हात धरून उभी, नजर डॉक्टरांच्या हातावर, मान ताठ. अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगावं वाटलं, ही माझ्या मायची पोर!

बाटलीत बुडबुडे येतात तोवर भोक उघडं, थांबले नाहीत तर ऑपरेशन. एका कामावर महिनाभर न टिकणारा मी, बुडबुडे बघत पडून राहिलो. छोटी यायची, "खोक" म्हणायची. खोकलो की गुडगुड. काल खोकलो तर पाणी नुसतं हललं. आजच्या एक्स-रेत फुप्फुस पुरतं फुललंय, उद्या नळी काढणार. डॉक्टरांनी तिला शाबास म्हटलं, तर ही पडद्यामागं जाऊन रडली.

हे पत्र कुठं टाकणार? तरी सांगतो, लई घाबरलो होतो. छोटीला नाय बोललो.

थांब. दारात अण्णा आलेत. तू गेल्यापासून दवाखान्याची पायरी न चढलेले अण्णा, चपला हातात घेऊन. "कुठं बसू?" विचारतायत. मी खाटेवर सरकून जागा करतोय.