दुसरं घमेलं

ता. घाटंजी
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५
दुपारचे अडीच

प्रिय दीपमाला,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. हल्ली पोस्टमन दारात थांबला की गावभर चर्चा होते, शेजारणीनं लगेच विचारलं, "कोर्टातून आलं का काही, बाई?" परवा दीक्षाभूमीला जाऊन आले. गुडघ्यांनी गर्दीत बरंच ऐकवलं, पण निभलं. कळंबला तुझ्या आईची शुगर कशी आहे? चहात साखर नको याचा अर्थ गूळ चालतो असा होत नाही, हे त्यांना माझ्याकडून सांग. निवृत्त होऊन चार महिने झाले तरी माझी मास्तरकी जात नाही, तेव्हा हसून सोडून दे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी खोटं बोलते. वर्षभर बोलले आहे.

आज सकाळपासून अंगाला चिकटणारं उकडतंय. लिंबाचं पान हलत नाही. दक्षिणेला एक ढग अकरा वाजल्यापासून फुलकोबीसारखा वर चढत होता, आता त्याचा माथा सपाट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखा पसरलाय. माथा सपाट झाला म्हणजे ढगाला याहून वर जायला जागा उरली नाही. आता आतल्या आत गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर घासतात आणि वीज साठते. वीस वर्षं मुलांना हेच शिकवलं.

आत्ता चमकली. थांब, मोजते.

छत्तीस. दर तीन सेकंदाला एक किलोमीटर, म्हणजे बारा किलोमीटरवर आहे. मोजणी तिसाच्या खाली आली की मी ओसरीतली शाळेची जुनी घंटा वाजवते आणि सोयाबीन कापणाऱ्या बायका घरी परततात. राजदीप गेल्यावर हा नेम मीच सुरू केला. लोकांना वाटतं, भावाच्या आठवणीत करते. खरं कारण आज लिहिते.

तू लिहिलंस, "ताई, ते लागलीच गेले, त्यांना काही कळलं नाही, हे तुम्ही सांगितलं म्हणून मी उभी आहे. सोळा तारखेला वर्ष होतं. एकदा परत सांगा, मला बरं वाटेल." दीपा, चार दिवस हे पत्र उशाशी घेऊन बसले होते. तो लागलीच गेला नाही.

शाळेच्या भिंतीवरची ती ओळ तुला आठवते? 'वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. हात लावा. छाती दाबा.' तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथे रबरी बाहुलीची छाती मी शंभर वेळा दाबली होती. परत येऊन राजदीपकडून ती ओळ रंगवून घेतली. शिडीवरून तो हसला होता, "ताई, हे वाचून कोन हात लावनार आहे?" मी म्हटलं, "दुसरं कोणी नाही तर मी लावीन."

त्या दिवशी तू माहेरी कळंबला होतीस. तो सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकायला धावला. काम झालं आणि बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली उभा राहिला. शाळेतून मला लखकन दिसलं आणि मोजायला वेळच मिळाला नाही, उजेड आणि आवाज एकदमच आले. मी पोचले तेव्हा कांताबाई आणि सात-आठ जण भोवती उभे होते. शेजारच्या शेतातली कांताबाई, जिने लहानपणी त्याला कडेवर खेळवलं, तीच. हात कोणी लावत नव्हतं. कांताबाई ओरडली,

"हात नोका लावू, बाई! अंगात करंट हाय त्याच्या. शेन आना, शेन वढून घेते!"

गळ्यापर्यंत शेणात ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी समजूत. मी म्हटलं, "छाती दाबू द्या मला." एकदाच म्हटलं. कोणीतरी माझा दंड धरून मागे ओढलं. दंड सोडवता आला असता, दीपा. धरणारा काही पैलवान नव्हता. पण मनात आलं, मी दाबलं आणि तो गेला तर उद्या गाव म्हणेल, बहिणीनं छाती मोडून मारला. मी भ्याले. विजेला नाही, लोकांना.

पहिलं घमेलं कांताबाईनं आणलं. दुसरं मी आणलं. माझ्या हातांनी त्याच्या छातीवर ओतलं, ज्या छातीवर ते हात ठेवायचे होते तिच्यावरच. त्यानंतर त्याचे ओठ दोनदा हलले. मी पाहिलं. इतरांनी पाहिलं का, माहीत नाही. मी रिकामं घमेलं धरून उभी राहिले. दवाखान्याची गाडी यायला पाऊण तास लागला.

सव्वीस. घंटा वाजवून येते.

आले. बायका निघाल्यात, विळे डोक्यावर धरू नका म्हणून ओरडून सांगितलं. वारा सुटलाय आणि तो गार आहे. ढगातून खाली कोसळणारी हवा अशीच गार असते. त्यामागे पाणी येतं. घाईनं लिहिते.

मी हे झाकून ठेवलंच असतं. वर्षभर मनाला सांगत होते की तो कशानंही वाचला नसता. इतकी मोठी वीज, बाहुलीवर शिकलेली बाई काय करणार? हे मला खरं वाटू लागलं होतं. झोपही लागत होती.

काल कांताबाईची सून पुष्पा, बावीस वर्षांची, त्याच बांधावर पडली. पाऊस थांबलेला, ऊनही पडलेलं, म्हणून परत कामाला गेली होती. मागे राहिलेल्या ढगातून वीज आली. मी पोचले तर तेच माणसांचं कडं, आणि कांताबाई माझ्यावर ओरडली, "बाई, पाहून काय राह्यल्या? घमेलं आना! मांगच्या साली तुमीच तं आनलं होतं!"

बघ दीपा. भिंतीवरची ओळ कोणाला आठवली नाही. माझं घमेलं आठवलं. मास्तरीण बाईनं सख्ख्या भावाला शेणात ठेवलं, म्हणजे ते बरोबरच असणार.

मी कांताबाईला ढकललं. ती चिखलात बसली. माझा दंड कालही धरला होता, तो मी सोडवला. पुष्पाच्या छातीवर दोन्ही हात ठेवले. तीसदा दाबायचं, दोनदा तोंडानं श्वास द्यायचा, परत तीसदा. अंगात करंट नव्हता. नुसतं अंग होतं, कोमट, मातीनं माखलेलं. पाचव्या फेरीला तिनं श्वास घेतला.

पुष्पा वाचली. आज सकाळी यवतमाळहून निरोप आला, तिनं पाणी मागितलं म्हणे. सगळं गाव माझ्या पाया पडायला आलं. मी आतून कडी लावून घेतली, आणि मग रडले तशी राजदीपच्या वेळीही रडले नव्हते.

आता मला म्हणता येत नाही की तो वाचला नसता. वाचला असताच असंही कोणी सांगू शकत नाही. पण हे हात तेव्हाही मला होते. तुझं बरं वाटणं मी हिरावून घेतेय, हे कळतं मला. तरी सोळा तारखेला तुझ्यासमोर बसून तेच खोटं परत सांगणं माझ्याच्यानं होणार नाही. तू आलीस तर मी घरीच असेन. नाही आलीस तर का म्हणून विचारणार नाही.

नऊ. खिडकीतून बांध दिसतो. सगळ्या बायका आल्या, एक नाही. कांताबाई गंजीवर ताडपत्री टाकतेय. घंटेचं ऐकत नाही, आज सकाळी पुष्पाचा निरोप आल्यापासून माझ्याशी बोलतही नाही. राजदीपचं पहिलं घमेलं तिचं होतं.

मी तिला आणायला जाते. पाकिटावर पत्ता लिहिलेला आहे. मी टाकलं नाही तर शेजारीण टाकेल.

चमकली. सहा.

'तुझी ताई' असं लिहायला हात धजत नाही. ते तू ठरव.

राजदीपची बहीण,
प्रभावती