आमची ई-जर्नलं मिलवर कशी गेली

सानगडी,
संक्रांतीनंतरचा गुरुवार

आदरणीय कुंदनभाऊजी,

सानगडीहून भूषणचा नमस्कार पोचावा. तुमचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. ताईने पाठवलेले तिळाचे लाडू मिळाले. त्यांतला एक करुणाच्याही वाट्याला आला (बाकीच्यांचं काय झालं ते विचारू नये). इकडे सगळे खुशाल. फोन न करता पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्याकडे फोन ताई उचलते, आणि तुमच्याविषयी माझ्या तोंडून अवाक्षर निघालं की ती मला माझ्या लहानपणापासूनचं सगळं ऐकवते. माझी तुमच्याविषयी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घरच्या जावयाविषयी तक्रार करायची रीत आमच्यात नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी कॉलेजात ग्रंथपाल आणि करुणा तिथेच प्राणिशास्त्र शिकवते. धानावर पडणाऱ्या गादमाशीवर तिची पीएच.डी. आठ वर्षं चालू आहे. या महिनाअखेर प्रबंध विद्यापीठात गेला नाही तर नोंदणीच रद्द, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि ऐन वेळी तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं की अलीकडचे परदेशी लेख वाचून एक प्रकरण सुधारून द्या. करुणा त्यांना म्हणाली, त्यात काय, माझा नवराच ग्रंथपाल आहे! भाऊजी, छाती कशी फुगते ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी तिला ग्रंथालयात शेजारी बसवून मी मोठ्या ऐटीत इंटरनेटवरच्या एका जर्नलातल्या लेखावर बटण दाबलं, तर पडद्यावर उमटलं की आपल्या संस्थेला हा लेख उघडण्याचा अधिकार नाही. वर्गणी भरलेली, पावती माझ्या टेबलाच्या खणात, आणि म्हणे अधिकार नाही. करुणाने वही मिटून पेनाला टोपण लावलं. ती एवढ्या हळू टोपण लावते तेव्हाच मला जास्त भीती वाटते.

मग शोध घेतला. ही जर्नलं काढणारी परदेशी कंपनी आपल्याला नावागावाने ओळखत नाही. इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखते, आणि तो पत्ता कनेक्शनबरोबर येतो. आमचं जुनं कनेक्शन रखडत चालायचं, पण त्याचा पत्ता पक्का होता. दिवाळीत भंडाऱ्याच्या एका कर्तबगार गृहस्थांनी (नाव घेत नाही, बहिणीच्या घरी अजून बरीच वर्षं जेवायला जायचं आहे) प्राचार्यांना नवं, झकास, वेगवान कनेक्शन बसवून दिलं. वेगाविषयी बोलायलाच नको. 'अधिकार नाही' ही पाटी पूर्वी कधीच येत नव्हती, ती आता डोळ्याचं पातं लवायच्या आत येते. फक्त या नव्या कनेक्शनचा पत्ता रोज बदलतो. नवा पत्ता नोंदवून घ्या म्हणून कंपनीला लिहावं, तर त्यांचं उत्तर येईपर्यंत तो जुना झालेला असतो. तिथे मदतीला बसलेली बाई फार गोड इंग्रजी लिहिते. 'प्रिय भूषण, तुमची अडचण आम्हाला पूर्णपणे समजते,' असं ती दर वेळी लिहिते आणि दर वेळी आमचा पत्ता विचारते.

आता जुन्या कनेक्शनचं काय झालं ते ऐका. आमच्या संस्थेचे अध्यक्ष भैय्यालालजी यांच्या हातून कुठलीही वस्तू वाया जात नाही. कॉलेजची मोडकी बाकं त्यांच्या राईस मिलमध्ये आहेत, स्नेहसंमेलनाचे पडदे धानाच्या ढिगांवर पांघरलेले आहेत. कनेक्शनची मुदत अजून शिल्लक आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मंग फेकता कायले? माह्या मिलवर लावून टाका ना!" लागलं. पत्त्यासकट लागलं. त्यामुळे भाऊजी, सध्या आमच्या भागात गादमाशीवरचं जागतिक संशोधन उघडतं ते एकाच ठिकाणी, भैय्यालालजींच्या मिलमध्ये, वजनकाट्याशेजारच्या खोलीत.

तेव्हापासून कॉलेज सुटलं की आम्ही दोघं मिलवर जातो. तिथले मुनीम देवाजी यांना पहिल्या दिवशी वाटलं की आम्ही सरकारी तपासणीला आलो. त्यांनी चहा मागवला, गरम भजी मागवली आणि वजनकाटा पुसून घेतला. खरं कारण सांगितलं तर त्यांना पटेना. "तुमच्या कॉलेजात येवढी मोठी लायब्ररी हाय ना जी, मंग इथं कोंड्यात बसून काहून वाचून राहिले?" त्या लायब्ररीचा प्रमुख मीच, हे सांगायचं मला धाडस झालं नाही (भजी अर्धी उरली होती). मिल सुरू झाली की भिंती थरथरतात आणि सगळीकडे कोंडा उडतो. करुणा नाकाला ओढणी बांधून टिपणं काढते, मी कीबोर्ड पुसत पुसत मशीनच्या आवाजावर ओरडून तिला लेखांचे सारांश वाचून दाखवतो. माझ्या ओरडण्याने अख्ख्या मिलला कळलं की मॅडम गादमाशीच्या डॉक्टर होणार. झालं! धान घेऊन आलेले लोक रांग सोडून तिच्याकडे येऊ लागले. शकुनबाई म्हणून एक आहेत, त्यांनी तर वाळलेल्या धानाचा अख्खा ठोंबच टेबलावर आणून ठेवला. "बाई, यंदा माह्या बांधीतल्या धानाले लोंबीच नाई निंगाली, पाहा बरं काय झालं थे!" करुणाने एक कोंब नखाने चिरून दाखवला आणि वाचन सोडून त्यांना सगळं समजावत बसली. मीही कान देऊन ऐकलं. ही माशी कुणाला चावत नाही म्हणे, तिची अळी धानाच्या कोंबात शिरते आणि त्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी होऊन बसते. आठ वर्षं मी तिला घरमाशीची चुलत बहीण समजत होतो.

एकंदरीत काम छान चाललं आहे. लेख संपत आले असं मला वाटतं तोच करुणाला आणखी एकदोन सापडतात. ताईला नमस्कार सांगा, भाचीला, टीनाला, परीक्षेसाठी शुभेच्छा.

तुमचा,
भूषण

ता.क. मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. देवाजी म्हणत होते की येत्या सोमवारी तुम्ही शिडी आणि वायर घेऊन मिलवर येणार आहात आणि भैय्यालालजींनाही तेच वेगवान कनेक्शन बसवून देणार आहात. भाऊजी, पाया पडतो, महिनाअखेरपर्यंत येऊ नका. वायर संपली म्हणा, माणूस रजेवर गेला म्हणा, काहीही म्हणा. तुमच्या धंद्याची भरभराट व्हावी हीच माझी इच्छा आहे, फक्त ती फेब्रुवारीपासून व्हावी. करुणाच्या एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर माझ्या हातून पाणी पडलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

ता.ता.क. हे पत्र ताईला वाचून दाखवू नये.

भाऊजींना करुणाचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आहे आणि पाकीट अजून उघडंच आहे, म्हणून चार ओळी. लेखांची काळजी करू नका. मिलवरच्या पहिल्याच आठवड्यात मी ते लेख लिहिणाऱ्यांनाच सरळ मेल केली. सगळ्यांनी पाठवले, फिलिपाइन्सच्या एका बाईंनी तर न मागितलेलेसुद्धा पाठवले. प्रकरण लिहून झालं, सरांना पसंत पडलं, आणि प्रबंध नागपूरला बायंडिंगला गेलाही. यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. आठ वर्षांत "झालं का गं तुझं?" यापलीकडे यांनी माझ्या कामाविषयी काही विचारलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी शेजारी बसून घसा बसेपर्यंत माझ्यासाठी वाचतात, आणि घरी येताना गाडीवर मागे वळून वळून मला शंका विचारतात. मला फार बरं वाटतं. तेव्हा सोमवारी खरंच येऊ नका. जमलं तर फेब्रुवारीतही येऊ नका.