उकाड्यातली टोपी

मंगळवार, लखनौ

वॉर्डात निखिलचं औषध बदललं. पहिल्या इंजेक्शनाने कानातले आवाज थांबले, पण मान अशी आखडली की पाणीसुद्धा मी पाजायचे. नव्या गोळीने नुसता झोपतो, उठला की खातो. यातलं बरं कुठलं, डॉक्टर मला विचारतात!

आज मात्र पोराने शर्टाची बटणं स्वतः लावली. डॉक्टर खूश. मीही.

हे रोजच्यासारखे टोपी कपाळापर्यंत ओढून आले, या उकाड्यात. टाके त्याला दिसू नयेत म्हणून. त्या दिवशी कुकरचं झाकण... नको ते.

निखिल बराच वेळ टोपीकडे बघत होता. मग अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाला, “पापा, टोपी उतारिए. मैंने मारा था ना?”

गोळी लागू पडली आहे.