दहा अंश उजवीकडे

४ मार्च, मंगळवार

झालं! ठरलं म्हणे. शनिवारी संध्याकाळी निघायचं, रात्रभर शिडाच्या बोटीतून जायचं आणि रविवारी सकाळी बेटावर ह्याच्या ताईंच्या दारात चहाला हजर. मला विचारलं नाही, सांगितलं. तेही मी कपडे वाळत घालत असताना, दोन चिमटे तोंडात धरलेले असताना! म्हणजे मी काही बोलायचा प्रश्नच नाही.

चिमटे काढून बोलले. बेटावर रोज दोनदा फेरीबोट जाते. तीन तास लागतात. बसायला खुर्च्या असतात, संडासाला दार असतं. हा म्हणाला, "मुद्दा बेटाचा नाहीये."

मुद्दा मला चांगला ठाऊक आहे. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ह्याच्या डोक्यात एकच खूळ — वर्षभर बोटीतून फिरायचं. किनाऱ्याकिनाऱ्याने, बेटाबेटाने. मे महिन्यात निघायचं. "तू येणार का?" असं गेल्या महिन्यात मला रीतसर विचारलं. मी म्हटलं, आधी एक रात्र काढून बघते, मग सांगते. तर ती ही रात्र.

उत्तर माझं तयार आहे. नाही. फक्त ते बेटावर, ताईंच्या घरी, नीट शब्दांत सांगायचं. तीस वर्षांचा संसार आहे, तोंडावर दार आपटल्यासारखं व्हायला नको. पण नाही म्हणजे नाही.

६ मार्च, गुरुवार

लॅबमध्ये दिवसभर कवळ्या. एका आजोबांची खालची कवळी तिसऱ्यांदा परत आली — बोलताना टकटक वाजते म्हणे. मेणावर पुन्हा दात मांडले, पुन्हा प्लास्टर कालवलं. आजोबा बोलायचे कमी होतील तर कवळीही वाजायची कमी होईल, पण हे लॅबमध्ये बसून कोण सांगणार!

डॉक्टरीणबाई माझ्या टेबलाशी आल्या. "तुमचे मिस्टर वर्षभर फिरायला जातायत असं ते दाढ दाखवायला आले तेव्हा म्हणाले. तुम्हीही जाणार असाल तर आत्ताच सांगा हं. मला दुसरं माणूस बघावं लागेल, जागा रिकामी ठेवणं परवडत नाही." मी म्हटलं, कुठे जात नाही मी. बावीस वर्षं ह्या खिडकीखाली बसतेय. माझ्या हाताला ही खुर्ची आणि हा दिवा लागतो.

संध्याकाळी बोट बघायला नेलं. दोन बर्थ. एकावर गादी, दुसऱ्यावर पाण्याचे कॅन, छतापर्यंत. मी विचारलं, आणि मी कुठे झोपू? "अगं, एका वेळी एकानेच झोपायचं असतं. दुसरा सुकाणूवर. म्हणजे एकच गादी पुरते!" ह्या माणसाकडे प्रत्येक गैरसोयीचं स्पष्टीकरण तयार असतं. गैरसोय आधी की स्पष्टीकरण आधी, कळत नाही.

७ मार्च, शुक्रवार

उलटीच्या गोळ्या आणल्या. जाड मोजे आणले. हा म्हणतो, "तू तर उत्तर ध्रुवावर निघाल्यासारखी!" बोलले नाही. शक्ती राखून ठेवतेय.

८ मार्च, शनिवार, बोटीवर

आडवी पडून, कपाळाला टॉर्च बांधून लिहितेय. अक्षर गेलं खड्ड्यात. वर हा सुकाणू धरून बसलाय आणि शीळ घालतोय. तीस वर्षांत घरात कधी शीळ ऐकली नव्हती मी ह्याची.

निघतानाच शुभ बोल नाऱ्या. नकाशा दाखवणारं ते महागडं यंत्र सुरूच होईना. चार्ज नाही. वायर? "तू घेतलीस ना?" "मला वाटलं, तू घेतलीस." वायर घरी, फ्रिजच्या वर, मला लख्ख दिसतेय. म्हटलं, फोन आहेत की. तर ह्याने दोन्ही फोन बंद करून प्लास्टिकच्या डब्यात घातले! अडचणीला लागतील म्हणे, उगाच बॅटरी घालवायची नाही. होकायंत्र आहे ना. जुन्या खलाशांकडे कुठे फोन होते? जुन्या खलाशांच्या बायका घरी होत्या, हे ह्याला कोणी सांगायचं!

मग दोऱ्या. एकूण आठ दोऱ्या, आठही मळकट पांढऱ्या. "ओढ! अगं ती नाही, ती दुसरी! ती सोड! सगळी नको सोडूस!" शेजारच्या बोटीवरचा म्हातारा वर्तमानपत्र खाली ठेवून बघत होता. तिकीट नव्हतं, तेवढंच.

जेवण म्हणजे उकडलेली अंडी आणि पाव. मी दोन घास खाल्ले आणि दोन्ही परत केले. हा पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "क्षितिजाकडे बघ." काळोख पडला होता. कुठलं क्षितिज?

थोड्या वेळाने माझी पाळी. सूचना मिळाल्या आहेत. "होकायंत्रावर दोनशे वीस अंश. सुई तिथेच धर. बाकी काही करू नकोस." बाकी काय करणार होते मी? नाच?

९ मार्च, रविवार, ताईंच्या घरी

पोचलो. सकाळच्या चहाला नाही, पाच वाजताच्या. आता हे सगळं नीट लिहिते, कारण ह्याच्या तोंडून ह्याची वेगळीच आवृत्ती बाहेर पडायला लागली आहे.

मध्यरात्र उलटून गेल्यावर ह्याने मला उठवलं, सुकाणूचा दांडा हातात दिला, खाली गेला आणि घोरायला लागला. लगेच! मी समुद्रात, काळोखात, आयुष्यात पहिल्यांदा बोट धरलेली, आणि हा घोरतोय.

आता माझी एक खोड आहे. मी डावीकडे ओढते. गाडी चालवतानाही ओढते. "डावीकडे जातेयस... अगं, डावीकडे..." हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. तेव्हा मनाशी ठरवलं, ह्या वेळी बोलायला जागाच ठेवायची नाही. दोनशे वीस सांगितलेत ना? आपण दोनशे तीस धरायचं. दहा अंश उजवीकडे. डावीकडची ओढ त्यातून वजा झाली की बरोबर दोनशे वीस. स्वतःवरच खूश झाले.

पहिला तासभर ह्याला शिव्या घातल्या. मोठ्याने. ऐकायला कोणी नव्हतं. मग शिव्या संपल्या. आणि मग काय झालं सांगू — दांडा हाताला कळायला लागला. लाट यायच्या आधी तो जरा जड होतो. तेवढ्यात थोडंसं सैल सोडायचं, लाट खालून जाते, पुन्हा धरायचं. लॅबमध्ये कवळीचे दात यंत्रावर घासताना आवाज बदलला की हात आपोआप हलका होतो, तसं. पोटातलं मळमळणंही थांबलं. दूर एक मासेमारीची बोट गेली, तिच्यावरच्या कोणीतरी दिवा हलवला. मीही टॉर्च हलवला! मला मजा आली. इथे लिहायला काय हरकत आहे. खूप मजा आली. ह्याची पाळी आली तेव्हा मी ह्याला उठवलंच नाही.

उजाडलं. सगळीकडे धुरकट. हा डोळे चोळत वर आला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "बेट कुठाय?"

मी म्हटलं, मला काय विचारतोस? तू सांगितलंस तिकडे आणलंय.

समोर नुसतं पाणी. ह्याचा चेहरा असा, जणू बेट मी पर्समध्ये टाकलंय. डब्यातून फोन निघाला. (आली ना अडचण!) फोनने सांगितलं की बेट डावीकडे राहिलंय, बरंच मागे. आपण त्याला ओलांडून पुढच्या देशाला निघालो होतो.

"कितीवर धरलं होतंस?"

"दोनशे तीस."

"मी दोनशे वीस सांगितलं होतं!"

"मी डावीकडे ओढते ना! म्हणून दहा वाढवून धरले. आणि नंतर ओढलंच नाही, इतकं घट्ट धरलं होतं."

हा अगदी हळू आवाजात म्हणाला, "खरं तर दोनशे दहा पाहिजे होतं. तू डावीकडे ओढतेस म्हणून मीच दहा वाढवून सांगितले होते."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. मला इतका राग आला होता की अंड्यांचा डबा ह्याच्या डोक्यात घालणार होते. खरा आकडा सांगायचा नाही! तीस वर्षं ह्या माणसाने मला खरी वेळ सांगितलेली नाही, लग्नाला जायचं तर अर्धा तास आधीची सांगतो, आणि भर समुद्रातही तेच! बोलायला तोंड उघडलं आणि काय झालं कोण जाणे. अति झालं आणि हसू आलं. मग हाही हसायला लागला. डोलकाठीला धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी. असे आम्ही दोघं कधी हसलो होतो, मला आठवत नाही. फार वर्षं झाली असतील.

परतीला वारा नेमका तोंडावर. नागमोडी जात जात दुपार संपली. ताई धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या. "तीनदा चहा केला आणि तीनदा ओतला! फेरीबोट बंद पडली होती का रे?"

१० मार्च, सोमवार

अंग असं दुखतंय, जणू रात्री कोणी धोपटलं. हा सकाळपासून धक्क्यावर. येईल त्याला आमची गोष्ट सांगतोय, आणि त्यात बेट चुकवलं मी, शोधून काढलं ह्याने. दोनशे दहाचा उल्लेख नाही! नाचता येईना अंगण वाकडं. मी दोनदा दुरुस्ती सुचवली. पालथ्या घड्यावर पाणी.

तरीही. दुपारी ताईंच्या मागच्या खोलीत पडले होते, डोळे मिटले की पलंग लाटेवर वरखाली. आणि मला ते हवंसं वाटत होतं. ह्याच्यावर चिडत वर्षभर बोटीत राहायचं की ह्याच्यावर न चिडता वर्षभर एकटीने त्या खिडकीखाली कवळ्या करायच्या? नाही म्हणायला आले होते मी इथे! शब्दसुद्धा जुळवून आणले होते.

तीन वाजता डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, दुसरं माणूस बघा, मी जातेय. त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली हो." मला रडू आलं. पण शब्द मागे घेतला नाही.

ह्याला अजून सांगितलेलं नाही. उद्या न्याहारीला सांगणार. तोंड बघायचंय मला ह्याचं!

११ मार्च, मंगळवार

सांगितलं. येते मी, वर्षभर.

पावाला लोणी लावत होता. हात थांबला. "नीट विचार केलास? तुझी पाठ... आणि लॅबचं काय?" म्हटलं, लॅब सोडली, काल फोन केला. "सोडलीस?" मग हसला आणि "वा, छान," म्हणाला. ताईंनी भावाकडे एकदा बघितलं आणि चहाची किटली घेऊन आत निघून गेल्या. किटली भरलेलीच होती.

तीस वर्षं हा चेहरा बघतेय मी. ह्याला एकट्यालाच जायचं होतं.