माशीखाऊला हात लावायचा नाही

७ जुलै

आलं एकदाचं! कुरियरवाल्याने खोकं उलटं धरून आणलं, तरी आतलं झाड शाबूत. व्हीनस फ्लायट्रॅप. चार बोटं उंची, सहा सापळे, प्रत्येकाच्या कडेला पापण्यांसारखे काटे. विनीतने जहाजावर बसून मागवलं, माझ्या वाढदिवसाला. उशिरा का होईना, नवऱ्याला आठवलं.

स्वतःचं खाणं स्वतः पकडणारं झाड! या घरात असं एक तरी कोणी असावं.

कढीपत्त्याच्या कुंडीतली तांबडी माती घेतली, मूठभर शेणखत मिसळलं, पोटभर पाणी घातलं. पडवीत आप्पांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवलं. “ह्या काय आणलंस?” एवढंच बोलले. सासऱ्यांकडून याहून जास्त कौतुकाची अपेक्षा नाहीच.

संध्याकाळी तेजस्वी येऊन गेली. मे महिन्यात आप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ही फिजिओथेरपीवाली मुलगी येते. पाय सुधारला, काठी घेऊन चालतात. उजवा हात तसाच. मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. आज पुन्हा रबरी बॉल फेकून दिला — डाव्या हाताने! “मी काय पोर हाय बॉल खेळाया?” तीस वर्षं एसटीत कंडक्टर, अख्ख्या गाडीला एका आवाजात धाकात ठेवलेलं. ते काय त्या बिचाऱ्या मुलीचं ऐकणार!

१३ जुलै

दोन पानं काळी पडली. पाणी वाढवलं.

१४ जुलै

आणखी एक काळं. शेवटी व्हिडिओ बघितला. आधी बघायला काय झालं होतं मला?

शेणखत म्हणजे या झाडाला विष. ते मुळात नापीक दलदलीतलं. जमिनीत काही मिळत नाही म्हणून तर माश्या खातं! आणि मी त्याला कढीपत्त्यासारखं पोसतेय. नळाचं पाणीसुद्धा चालत नाही, त्यात क्षार असतात. पावसाचं घाला म्हणे. पावसाचं! बाहेर आठवडाभर कौलं फुटतील असा कोसळतोय आणि मी आत नळाखाली तांब्या धरून उभी. स्वतःच्याच डोक्यात तांब्या घालावासा वाटला.

पागोळीखाली बादली लावली.

१८ जुलै

वाळकं शेवाळ मागवलं होतं, ते आलं. त्यात वाळू मिसळायची. मी उत्साहाने भाट्याच्या किनाऱ्यावर गेले, भिजत पिशवीभर वाळू आणली. घरी येऊन कुंडी भरताना उजेड पडला — समुद्राची वाळू. मीठ!

सगळी अंगणात ओतली. मग कोपऱ्यावरच्या बांधकामावरून नदीची ओंजळभर मागून आणली. तिथला माणूस विचारतो, “ताई, येवढ्यात काय बांधताय?” धू धू धुतली. एवढे तर मी तांदूळ धूत नाही.

२४ जुलै

जगलं! पण खात काही नाही. पावसात माश्या कुठून यायच्या? सुक्या कोळंबीच्या डब्यातला एक सोडा काढला, चिमट्याने सापळ्यात ठेवून जरा हलवला. खट्कन मिटला! मी टाळ्या वाजवल्या. आप्पाही वाकून बघत होते. बराच वेळ बघत होते.

२९ जुलै

त्या सापळ्याला घाण वास येतोय. सडला. सुकवलेली कोळंबी चालत नाही, किडा जिवंत लागतो, आणि तोही बारकाच. आता मी डास धरत फिरू का? आप्पांची आंघोळ, आप्पांच्या लेंग्याची नाडी, आप्पांची बटणं, आप्पांचं ताट. त्यात आता याची शिकार.

११ ऑगस्ट

मैनाकाकींना काय म्हणावं! मी गोळ्या आणायला गेले होते. परत येते तर पडवीभर वास. शेजारधर्म म्हणून काकींनी कुंडीत मासे धुतलेलं पाणी ओतलेलं. “म्हावऱ्याचा पानी घातलाय गो वैष्णवी. माज्या माडांना तेच घालतंय. आता बघ कसं तरारतंय!”

काय बोलणार? काकींचे माड खरंच वाकून जातात नारळांनी. त्या गेल्यावर अख्खं शेवाळ बदललं. मुळं धुतली ती काकींना मनातल्या मनात शिव्या घालतच. आप्पा खुर्चीतून म्हणाले, “जगंल.” यांना काय जातंय सांगायला!

१९ ऑगस्ट

मी शिकवते त्या शाळेतून फोन. मोठ्या बाईंचं म्हणणं सरळ आहे — बिनपगारी रजा सप्टेंबरअखेरपर्यंत. त्यानंतर एक तर हजर व्हा, नाही तर जागा सोडा. त्यांचंही चूक नाही. पण आप्पांना दिवसभर एकटं कसं सोडू? हात चालला असता तर प्रश्नच नव्हता. जेवले असते, कपडे केले असते, दाराची कडी काढली असती.

दुपारी बांगडा केला होता. ताटात तसाच राहिला. डाव्या हाताने काटे निघत नाहीत आणि मी काढून दिलेला चालत नाही. आमटीभात चमच्याने गिळला आणि उठले. मी म्हटलं, “आप्पा, तेजस्वी सांगते तेवढं केलंत तर महिन्याभरात स्वतः खाल.” काठी टेकत पडवीत निघून गेले. या माणसाला बरं व्हायचंय की नाही, हेच मला कळत नाही.

३० ऑगस्ट

गणपती. मुंबईहून सगळी मंडळी आली. घरात पाय ठेवायला जागा नाही आणि प्रत्येकाचं बोट माझ्या झाडात! सापळ्याच्या आत बारीक केस असतात. एकदा स्पर्श झाला तर तो मिटत नाही, लगेच दुसऱ्यांदा झाला तरच मिटतो. हे मी हौसेने समजावून सांगितलं आणि तीच चूक झाली. मग काय, दोन-दोनदा! फुकटचं मिटण्यात त्याची ताकद जाते. तीन-चार वेळा असं झालं की सापळा मरतो. हे सांगितलं तेव्हा कोणी ऐकत नव्हतं.

आप्पा आरतीला बाहेर आले नाहीत. मी बोलवायला गेले तर म्हणाले, “येका हातानं टाळ्या कशा वाजवू?” मी दार लोटून घेतलं.

५ सप्टेंबर

सगळे गेले. घर शांत. पण आज पुन्हा दोन सापळे मिटलेले! उघडून बघितले, रिकामे. आता कोण? पाल? वारा? कुंडीला कागद चिकटवला — हात लावायचा नाही.

९ सप्टेंबर

उघडीप. ऊन मिळालं तसं झाड खुललं. नवा सापळा उघडला आज, आतून लालचुटूक! किती दिवसांनी काही तरी माझ्या मनासारखं झालं. विनीतला फोटो पाठवला. त्याने विचारलं, थंडीत काय करणार, याला म्हणे थंडीत झोप लागते. रत्नागिरीत कसली आलीय थंडी! फ्रिजमध्ये ठेवावं लागेल. बघू पुढचं पुढे.

१० सप्टेंबर

मिटला. तोच, कालचा, लाल. आत काही नाही!

मैनाकाकींना विचारलं तर त्या फणकारल्या. “माज्या बोटांना कामं नायत काय?” आता त्या चार दिवस बोलणार नाहीत. आप्पांना विचारलं. “मला काय ठावं?” म्हणाले आणि रस्त्याकडे बघत बसले.

मग मी ओरडले. झाडासाठी ओरडले की कशासाठी, देव जाणे. म्हटलं, या घरात एक गोष्ट धड राहत नाही. जिथे हात चालवायला हवा तिथे कोणी चालवत नाही आणि जिथे लावू नये तिथे मात्र लावतात! कुंडी उचलली आणि आतल्या कपाटावर ठेवून दिली.

१३ सप्टेंबर

कपाटावर अंधार. दोन-तीन दिवसांत झाड फिकं पडलं. आप्पांचंही जेवणात लक्ष नाही. सकाळी दोनदा विचारलं, “झाड कुठं ठेवलंस?” मी भांडी घासत राहिले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा परत पडवीत आणून ठेवलं. उन्हासाठी, त्यांच्यासाठी नाही.

१७ सप्टेंबर

तेजस्वी जाताना मला फाटकाशी घेऊन गेली. “ताई, पहिले सहा महिने महत्त्वाचे. नंतर हात येणं अवघड होत जातं.” मे, जून, जुलै... बोटांवर मोजत होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

रात्री विनीतचा फोन. “तू सोड ना नोकरी. मी आहे ना.” तू कुठे आहेस रे? कुठल्या समुद्रात आहेस तेसुद्धा मला धड माहीत नसतं! अकरा वर्षं शिकवतेय मी. माझी चौथी मला हवी आहे. फोन ठेवला. उद्या राजीनामा लिहावाच लागेल बहुतेक.

आणि हो, आणखी एक सापळा काळा पडला. मिटून मिटून. आता नवे-जुने मिळून चारच उरले.

२१ सप्टेंबर, रविवार

आज चोर पकडायचाच म्हणून मधल्या दाराआड उभी राहिले.

आप्पा खुर्चीत पुढे सरकले. डाव्या हाताने उजवं मनगट उचललं, स्टुलाच्या कडेवर टेकवलं. मग डावा हात काढून घेतला. उजव्या हाताचं पहिलं बोट हललं. थरथरत सापळ्यापर्यंत गेलं, आत गेलं, एकदा लागलं आणि निसटलं. कपाळावर घाम. पुन्हा नेलं. या वेळी दोनदा लागलं, आणि सापळा मिटला! आप्पा एकटेच हसले. मग दुसऱ्या सापळ्याकडे वळले.

मी हाक मारली नाही. स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. हे झाड असं काही जगायचं नाही, मला पक्कं माहीत आहे. मरेना का! विनीतला मेसेज टाकला — आणखी सहा मागव, मोठ्या सापळ्यांची.