वाळूला न अडवणारं घर

४ फेब्रुवारी
घराचं डिझाइन फायनल. माझं स्वतःचं. जन्मभर पूल बांधले, बंगला म्हणजे काय मोठंसं. तत्त्व एकच: निसर्गाला अडवायचं नाही. कंपाउंड नाही. वाळूचा उंचवटा आहे तसाच. खिडक्यांऐवजी सलग टफन्ड काचा, वर झरोके. सगळी दारं समुद्राकडे, बाहेर उघडणारी. बायकोला एक दार रस्त्याच्या बाजूला हवं होतं. रस्त्याकडे पाठ हीच तर थीम, असं समजावलं. ती गप्प बसली. म्हणजे पटलं.

२० नोव्हेंबर
राहायला आलो. वारा झरोक्यांतून छान खेळतो. वाळूही येते, थोडी.

९ डिसेंबर
चहात वाळू. अंथरुणात वाळू. बायकोची कुरकुर. तिला म्हटलं, निसर्ग घरात आलाय. ती म्हणाली, मग त्याच्याकडून झाडूनही घ्या.
उद्यापासून मी झाडणार.

११ डिसेंबर
कंबर धरली. झाडणं स्थगित.

२ जानेवारी
बायको बहिणीकडे गेली, थोडे दिवस. चार बॅगा नेल्या. बायकांना पॅकिंग जमतच नाही.

१५ जानेवारी, सकाळ
रात्रभर वारा. दारं उघडत नाहीत, एकही. बाहेर कमरेएवढी वाळू. घराला निसर्गाने आपलंसं केलं. अडकलो असं म्हणता येणार नाही.

दुपार
काच किती मजबूत आहे ते पाहायला खुर्ची घालून बघितली. काच उत्तम. खुर्ची गेली.
मेव्हण्याला फोन करायचा नाही. तो हसेल.
घर इतकं लहान कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळ
मेव्हण्याला फोन केला. हसला नाही. ते जास्त लागलं.

१६ जानेवारी
मेव्हणा फावडं घेऊन आला. दार उघडलं, तर मागे बायको उभी. वाटलं, आता ऐकवणार. तिने माझ्या केसांतली वाळू झटकली आणि गाडीत बसा म्हणाली.

१७ जानेवारी
बायको बहिणीकडे राहत नव्हतीच. बहिणीच्याच बिल्डिंगमध्ये तिने भाड्याने फ्लॅट घेतलाय, डिसेंबरातच. सामान लावून झालंय. कपाटात एक कप्पा रिकामा दिसला. कोणासाठी, विचारलं. तुमच्यासाठी, म्हणाली.
दोन शर्ट ठेवले. तात्पुरते.