पट्टीवर एकच रेघ

प्रिय ठमे,

पत्राला उशीर झाला, माफ कर. तू दारातून परत गेलीस त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण डोकं इतकं तापलेलं की एक ओळ सरळ उमटेना. फोन तू उचलत नाहीस. जावईबापू उचलतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह होता, एवढं ऐकवून ठेवून देतात.

अगं, होता ना निगेटिव्ह! मी कुठे नाही म्हटलं? कोरोनाच्या तपासणीची पट्टी तू माझ्या नाकासमोर नाचवलीस, एकच रेघ होती, मलाही दिसली. पण घसा तुझा बसलेला, नाक वाहतंय, आणि आत तुझी आई. कॅन्सरच्या औषधांनी तिच्या अंगात साध्या सर्दीशी झगडायचंही बळ ठेवलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलंय: दोन रेघा आल्या तर आजार आहे असंच धरा, एक आली तर त्या वेळी सापडला नाही, एवढंच. सुरुवातीला विषाणू थोडा असतो, पट्टीला दिसत नाही. लक्षणं असतील तर लांब राहा, दोन दिवसांनी पुन्हा तपासा. मी पंक्चरं काढण्यात जन्म घालवला. ट्यूब पाण्यात धरली आणि बुडबुडा आला, की भोक नक्की. नाही आला म्हणून गिऱ्हाइकाला घरी धाडलं, तर सकाळी तोच गडी बसलेलं चाक घेऊन दारात हजर. हे जावईबापूंना सांगितलं तर म्हणाले, सासूबाई काय सायकल आहेत का! हसोत बापडे.

तुझी आईही तुझ्याच बाजूची. पोरीला उंबऱ्यावरून हाकललंत म्हणून माझ्याशी अबोला. औषध पुढे केलं की तोंड भिंतीकडे.

आता मुद्द्याचं. कालपासून माझाच घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय. तपासलं. एकच रेघ. शेजारचा शिंपी म्हणतो, मग जा की आत. तुझी आईसुद्धा अबोला विसरून हाका मारतेय, या आत, पुरे झाली नाटकं. पण मी घरापुढच्या दुकानातच पथारी टाकलीय. शिंपीण डबा तुझ्या आईच्या दारात ठेवते, पण तिला उठवून भरवणार कोण? पाय लटपटतात गं तिचे. तुझी सर्दी गेली का? पुन्हा तपासलंस का? पूर्ण बरी असशील तर ये, मास्क लावून ये. माझ्यावरचा राग दुकानाबाहेर उभी राहून हवा तेवढा ओरडून काढ. पत्र शिंप्याबरोबर धाडतोय. येतेस की नाही, ते त्याच्याच हाती लगेच कळव.

तुझाच,
बाबा